श्रावणातली गाबोळी

२० जुलै, रविवार

रिये, ही वही तूच मला दिलीस हे तू विसरली असशील, म्हणून आधी तेच लिहून घेते. मे महिन्यात तू सुट्टीला आलीस आणि पाचगणीला परत जाताना चष्मा विसरलीस, मोबाईलची वायर विसरलीस आणि एका पायातली चप्पल विसरलीस. एका पायातली चप्पल माणूस कसा विसरतो, ते मला अजून कळलेलं नाही. एसटीत चढलीस तेव्हा दुसऱ्या पायात काय होतं? वही मात्र आठवणीने फडताळात ठेवून गेलीस. चीज केलंस की लिहून ठेव आजी, किती दूध, किती लिंबू, कसं झालं, मला आमच्या हॉटेलात दाखवायचंय, म्हणालीस. सगळं आठवलं, फक्त आजीला लिहिता येत नाही तेवढं विसरलीस.

तेव्हा मी बोलते आहे आणि तुझी आई लिहिते आहे. मी 'नाय' म्हटलं की किशोरी 'नाही' लिहिते, मी 'हाय' म्हटलं की 'आहे' लिहिते. दहावीला मराठीत सत्तर मार्क पडले होते तिला, ते कुठेतरी वापरायला नकोत? लिहून झालं की वाचून दाखवते. मी बोलले तेवढंच लिहिते का, ते देवाला माहीत. मला वाचता येत नसलं तरी ओळी मोजता येतात.

आज काही केलं नाही. बिजली आणि मैना, दोघी बकऱ्यांनी मिळून दीड शेर दूध दिलं. चहाला लागलं तेवढं घेतलं, उरलेलं मांजर प्यायलं.

२२ जुलै, मंगळवार

तू शिकवलंस तसं केलं. दुधाच्या कडेला बुडबुडे आले की उतरवायचं, आंबट थोडं थोडं घालायचं, ढवळत बसायचं नाही, फाटलं की फडक्यात बांधून टांगायचं. माझ्या आईच्या घरी दूध नासलं तर दोन दिवस सगळे गप्प असत, आणि तू मला ते मुद्दाम नासवायला शिकवून गेलीस. वर त्याला म्हणतेस चीज. आमच्यात कष्टाचं चीज होतं. दुधाचं होतं ते नासकं.

सकाळचं बिघडलं. दूध उतू जाईस्तोवर तापवलं आणि दोन लिंबं एकदम पिळली. जो गोळा झाला तो बोटीच्या भोकाला बूच म्हणून चालला असता. दुपारी पुन्हा केलं, तर लिंबं संपलेली. म्हणून कोकमाचं आगळ घातलं. फाटलं सुरेख, पण झालं गुलाबी. तासाभराने फडकं सोडलं आणि बोटाने चाटून बघितलं. कोवळ्या कैरीची साल चावल्यासारखं आंबट, मागून साईसारखं मऊ, आणि आगळातलं मीठ आपोआप लागलेलं. उभ्या उभ्या पाव गोळा मी संपवला. किशोरीने एक घास घेतला आणि चांगलं आहे म्हणाली, ती मला सगळंच चांगलं आहे म्हणते. तुझा बाप कल्पेश बंदरातून ड्यूटी करून आला आणि वास घेऊनच अंघोळीला गेला. उरलेलं फ्रीजमध्ये ठेवलं आहे.

आता आजोबांचं. फोनवर तुला कोणी नीट सांगत नाही, म्हणून इथे सांगते. जूनमध्ये त्यांना टायफॉइड झाला. ताप तीन आठवड्यांनी गेला, जाताना तोंडाची चव घेऊन गेला. नवी कवळी ग्लासात पडून असते, ती त्यांच्याकडे बघून हसते, ते तिच्याकडे बघत नाहीत. पेज दोन घोट, चहा एक घोट. खांदा कॉलनीतल्या डॉक्टर चारुताबाईंनी वजन केलं. पुनवेपर्यंत काटा वर सरकला नाही तर दाखल करून सलाईन लावू म्हणाल्या. कोळ्याच्या पोराने ताटातल्या बोंबलाकडे बघून तोंड फिरवावं, हे मी बघते आहे. माझे सासरे असेच गेले. आधी मासा सोडला, मग भात सोडला, मग आम्हाला.

हे वाक्य लिहू का म्हणून किशोरीने दोनदा विचारलं. लिही म्हटलं.

बकरीचं दूध द्या म्हणशील, तर ते विसर. सात वर्षांपूर्वी बिजलीच्या आईने आजोबांच्या होडीच्या परवान्याचा कागद खाल्ला, शिक्क्यासकट. तेव्हापासून ते बकरीच्या दुधाचा चहा पीत नाहीत आणि बकऱ्यांशी बोलत नाहीत. बिजलीचा तेव्हा जन्मही झाला नव्हता, पण वैर आहे ते आहे.

२३ जुलै, बुधवार

अवस उद्या, पण उद्या गुरुवार, म्हणून गटारी आजच उरकली. कल्पेशने मटण आणलं. अख्ख्या कोळीवाड्यात वास दरवळत होता. आजोबांनी दोन घास घेतले आणि ताट सरकवलं. ओल्या पुठ्ठ्यासारखं लागतं म्हणाले.

मी विचारलं, मग काय खाल? म्हणाले, "गाबोळी असती तर खाल्ली असती."

आता बघ. बोटी बंद. माशाच्या पोटात अंडी, म्हणजे हीच गाबोळी, असते म्हणूनच तर त्या बंद ठेवायच्या. परवापासून श्रावण, आणि आजोबा पुनवेला नारळ दर्यात पडेस्तोवर माशाला शिवत नाहीत. म्हणजे जे मिळणार नाही आणि मिळालं तरी खाता येणार नाही, तेच नेमकं मागितलं. म्हणजे खायलाही नको आणि खात नाही असं कोणी म्हणायलाही नको. छप्पन वर्षं संसार केला आहे, हा डाव मला पाठ आहे.

भांडी घासता घासता मला फ्रीजमधला गुलाबी गोळा आठवला.

२५ जुलै, शुक्रवार

श्रावण लागला. तुझ्या आजीनेही आज एक नवं व्रत घेतलं.

तो गोळा दाबून त्याच्या बोटाएवढ्या लांबट तुकड्या केल्या. हळद, आपला कोळी मसाला, थोडं आगळ चोळलं, तांदळाच्या पिठात घोळवल्या आणि तव्यावर परतल्या. रिये, हे तुझ्या हॉटेलात सांग. हे विरघळत नाही. बाहेरून कुरकुरीत होतं आणि आतून रवाळ राहतं, अगदी गाबोळीच्या दाण्यासारखं. कोकमाने रंगही तोच. किशोरी तव्याकडे बघत राहिली. मी तिला सांगितलं, तोंड उघडलंस तर पहिली तुकडी तुझ्याच तोंडात घालीन.

देव्हाऱ्यावर आधीच पंचा टाकून ठेवला. आजोबांनी विचारलं, हे काय? माश्या फार झाल्यात, म्हटलं. ताट पुढे ठेवलं. त्यांनी ताटाकडे बघितलं, पंच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. कुठून आली, म्हणाले. उरणच्या माझ्या बहिणीने पाठवली, बर्फात ठेवलेली होती, म्हटलं. मग त्यांनी एक तुकडी उचलली आणि बिनदातांनी चघळत बसले. मला वाटलं, आता थुंकतात.

"कंच्या माशाची?"

"घोळीची," मी म्हटलं.

"तरीच," ते म्हणाले. "मोठाच घोळ हाय ह्यो."

आणि दुसरी तुकडी उचलली.

मी आत जाऊन पदर तोंडात कोंबला आणि हसले. रडलेही असेन थोडी, मसाला लागला होता हाताला. एकोणऐंशी वर्षं गाबोळी खाल्लेला माणूस बकरीच्या दुधाने फसला. पण तापाने चव नेलेली, दात ग्लासात, एका डोळ्यात मोतीबिंदू. म्हाताऱ्याला फसवण्यात माझी हुशारी थोडी, त्याचं आजारपण जास्त. तरी थोडी माझी आहेच.

२६ जुलै, शनिवार

तीन तुकड्या आणि अर्धी भाकरी. बहिणीला, कुमुदला, फोन करून सांगून ठेवलं की आजोबांनी विचारलं तर गाबोळी तूच पाठवलीस. पाप लागेल का, म्हणाली. अर्धं माझ्या नावावर घे, म्हटलं. तिने लगेच अर्धं दिलं.

२८ जुलै, सोमवार

पहिला श्रावणी सोमवार. आजोबांचा दरवर्षी कडक उपास असतो, दुधावर आणि साबुदाण्यावर. मी साबुदाणा पुढे केला. त्यांनी वाटी बाजूला ठेवली आणि हळूच विचारलं, कुमुदची गाबोळी संपली का?

मी गारच पडले. सोमवार, महादेवाचा दिवस. पण पोटात भूक आली आहे, तिला परत कशी पाठवू? मग डोकं चालवलं. दूध उपासाला चालतं, तांदळाचं पीठ चालत नाही, म्हणून शिंगाड्याच्या पिठात घोळवल्या. मसाल्याऐवजी मिरची आणि जिरं. म्हणजे त्यांनी उपास मोडला, पण उपास मोडला नाही.

तरी जिवाला लागलं. माणसाला वाटतं आहे की तो सोमवारी मासा खातो आहे, आणि खातो आहे ते दूध. मग पाप होतं कुठे, पोटात की मनात? किशोरीला विचारलं. ती म्हणाली, खायला लावणाऱ्याच्या पदरात होतं, आई. सत्तर मार्क उगीच नाही पडले.

तर आजोबांनी रोजच्यासारखं विचारलं, आज कंच्या माशाची? आतापर्यंत मी घोळ सांगितली, रावस सांगितला, कतला सांगितली. आज नाव सुचेना, समोर शिंगाड्याच्या पिठाचा डबा होता, तोंडातून निघालं शिंगाळा.

आजोबांनी तुकडी डोळ्यांजवळ धरली. "शिंगाळ्याचीच असणार. शिंगं लागतात जिभेला."

मी घाबरून सगळ्या तुकड्या मोडून बघितल्या, काही कडक राहिलं का म्हणून. काही नव्हतं. बिचाऱ्याच्या जिभेला अजून काय काय भास होतात. इकडे किशोरीला ठसका लागला, तो पाणी प्यायलं तरी जाईना.

३० जुलै, बुधवार

बकऱ्यांच्या खोपटात फणसाची ताजी पानं पडलेली, चांगली जुडी बांधून. मैनेने तेवढ्याने पावशेर दूध जास्त दिलं. किशोरीला विचारलं, ती नाही म्हणाली.

(मी खरंच आणली नव्हती. – किशोरी)

जुडी जाळ्याच्या दोऱ्याने बांधलेली होती, म्हणजे कोळ्याच्याच घरातली. शेजारच्या धर्मराजच्या दारात फणस आहे. आजोबांचा लहानपणापासूनचा दोस्त, रोज संध्याकाळी ओट्यावर येऊन बसतो. त्याचं काम. दुसऱ्याच्या बकऱ्यांची एवढी काळजी करणारा माणूस हल्ली कुठे मिळतो? संध्याकाळी आला तेव्हा मी त्याला म्हटलं, भावजी, पानं पोचली, उपकार झाले. तो आजोबांकडे बघायला लागला, आजोबा खाडीकडे बघायला लागले. मग धर्मराजला असा खोकला आला की पाठीवर थापा माराव्या लागल्या. या दोघांनाही आता डॉक्टरकडे न्यायला हवं.

२ ऑगस्ट, शनिवार

रिये, दीड किलो. काटा वर सरकला.

चारुताबाईंनी विचारलं, काय खायला घालता? मी तोंड उघडायच्या आत आजोबाच म्हणाले, "गाबोळी, बाय. श्रावणात. हिनं लाज सोडलीय, मी काय करू?" डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी औषधाची चिठ्ठी समजून घ्यायच्या निमित्ताने मागे राहिले आणि खरं ते त्यांच्या कानात सांगितलं. त्यांनी टेबलावरचा कागद तोंडापुढे धरला, पण खांदे हलत होते. चालू ठेवा म्हणाल्या.

आता चूल जोरात आहे. तुझ्यासाठी सांगते, लिहून घे म्हणजे विसरशील तरी नीट विसरशील. पहिलं: तांदळाची गरम भाकरी फोडायची, आत ताजा गोळा कुस्करायचा, वर हिरव्या मिरचीचा ठेचा, आणि भाकरी मिटून एक दम धरायचा. वाफेने तो आतल्या आत पसरतो. मी दुपारी कोणाला न दिसता दोन खाल्ल्या. दुसरं: गोळा लिंबाने फाडायचा, आगळाने नाही. त्यात ओला नारळ, गूळ, जायफळ, आणि करंज्यांत भरायचा. खव्याच्या करंजीला जडपणा असतो, ही खाल्ली की दुसरी घ्यायला हात जातो. कल्पेशने चार खाल्ल्या. कशाची म्हणून विचारलं, किशोरी म्हणाली खव्याची. घरात आता खोटं बोलायला सगळ्या तयार झाल्या आहेत.

आजोबा आणि धर्मराज ओट्यावर हसत असतात. मी जवळ गेले की गप्प होतात. जूननंतर पहिल्यांदा आजोबांचं हसू ऐकलं. कशावर हसतात ते विचारलं नाही. हसताहेत ना, बस झालं.

५ ऑगस्ट, मंगळवार

आज वाईट झालं.

कोळीवाड्याची मंडळी आली होती. नारळी पुनव शुक्रवारी. सोनेरी कागदातला नारळ गेली अकरा वर्षं आजोबा, कोळीवाड्याचे काशिराम नाखवा, डोक्यावरून खाडीपर्यंत नेतात आणि पाण्यात सोडतात. मान त्यालाच, ज्याचा श्रावण निर्मळ. यंदा जमेल का, पायात ताकद आहे का, एवढंच विचारायला आले होते. आजोबा म्हणाले, यंदा माझ्याच्यानं नाय व्हायचं, दुसरा बघा. कारण सांगितलं नाही. मंडळी चहा पिऊन मान खाली घालून गेली. काशिराम नाखवा संपला, असं त्यांच्या पाठीवर लिहिलेलं मला अक्षर येत नसतानाही वाचता आलं.

ते गेल्यावर मी विचारलं, पाय दुखतात का? तर म्हणाले, "पाय बरं हायेत. तोंड बाटलंय. आकरा दिस गाबोळी खाल्ली. बाटल्या तोंडानं दर्याला काय सांगू?"

मला एका शब्दाने दोष दिला नाही. दिला असता तर भांडता तरी आलं असतं.

७ ऑगस्ट, गुरुवार

काल काही बोललेच नाही, म्हणून काल वहीत काही नाही.

सांगितलं तर काय होईल, ते बोटांवर मोजून बघितलं. बकरीचं दूध म्हटल्यावर ते पुन्हा तोंड मिटतील. आणि लाज वेगळीच. कोळी माणसाला बायकोने गाबोळी म्हणून नासकं दूध चारलं आणि त्याने घोळ, रावस, शिंगाळा म्हणत खाल्लं, ही गोष्ट खाडीच्या दोन्ही काठांना पुढची तीस वर्षं पुरेल. नाही सांगितलं तर नारळ दुसऱ्याच्या डोक्यावर जाईल आणि हे घरात भिंतीकडे तोंड करून बसतील. भिंतीकडे तोंड करून बसणाऱ्याला भूक लागत नाही.

दुपारी मी तुकड्या केल्या. त्यांनी ताट परत पाठवलं. उद्या पुनव, म्हणाले, आज तरी नको. भाकरी नाही, भात नाही, पेज नाही. दिवसभरात एक कप चहा, तोही कोरा.

दीड किलोतलं किती गेलं असेल एका दिवसात?

बकऱ्यांपाशी जाऊन बसले. बिजलीने माझा पदर चावला. हिच्याशी बोलावं म्हटलं, पण हिच्या आईने कागद खाल्ला तिथूनच सगळं सुरू झालं. किशोरी म्हणते आहे, आई, सांगून टाका. मी म्हटलं, तू लिही. ती म्हणाली, लिहितेच आहे, पण तुम्ही सांगून टाका. एवढं ठामपणे ती कधी बोलत नाही. तिला काही माहीत आहे का म्हणून विचारलं, तर शाई संपली म्हणाली.

८ ऑगस्ट, शुक्रवार. नारळी पुनव

सकाळी अंघोळ केली, देव्हाऱ्यावरचा पंचा काढला. फडक्यात टांगलेला गोळा आणि आगळाची बाटली घेतली आणि दोन्ही आजोबांच्या पुढ्यात ठेवली.

"अवो, ती गाबोळी नव्हती."

ते खाटेवर नीट बसले. "मग काय होतं?"

"बकरीचं दूध. नासवलेलं."

वाटलं, आता आभाळ कोसळणार. पण ते म्हणाले, नीट सांग. मग मला सगळं सांगायला लावलं, पहिल्यापासून. बिजलीचं की मैनेचं? किती तापवायचं? आगळ किती? टांगून किती वेळ ठेवतेस? सोमवारी कसल्या पिठात घोळवलंस? चोराला पोलीस विचारतात तसं नाही, तर तुझ्या हॉटेलातला माणूस विचारेल तसं. मी खाली मान घालून सांगत होते. किशोरी दारात उभी होती, तिच्या हातात ही वही होती, ती तिने तोंडावर धरलेली.

"म्हंजे माझा श्रावण मोडला नाय?"

"नाय."

"आनि सोमवार?"

"तोबी नाय."

त्यांनी फडक्याची गाठ चाचपून बघितली. मग म्हणाले, "माझा नाय मोडला गो. तुझा मोडला. आकरा दिस आकरा माशांच्या नावानं खोटं बोललीस. घोळीची म्हनालीस तवा तर कानाची पाळीबी हलली नाय तुझी."

मी म्हटलं, चुकलं माझं, पण तुमी जेवत नव्हता.

"व्हय," ते म्हणाले. "जेवत नव्हतो." आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. लग्नात ठेवला होता, त्यानंतर आजच. मग आवाज बदलून म्हणाले, सदरा काढ, पांढरा. आणि टोपी. आणि ते ग्लासातले दात.

कवळी बसवेपर्यंत दारात धर्मराज हजर, सोनेरी कागद लावलेला नारळ हातात घेऊन, वाजंत्री मागे कोपऱ्यावर उभी. दुसरा माणूस बघितला नाही का, विचारलं तर म्हणाला, वैनी, बघत होतो, पन मनासारका मिळंना. काय योग असतात बघ. दोन मिनिटं आधी आला असता तर परत गेला असता.

आजोबांनी नारळ डोक्यावर घेतला. मी पाठीमागून त्यांच्या पोटऱ्या बघत चालले होते. खाडीपर्यंत एकदाही थरथरल्या नाहीत. बायका गाणी म्हणत होत्या, मला एकही ओळ आठवली नाही. पाण्यात उतरले तेव्हा कल्पेशने हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. नारळ सोडला, पाण्याला हात लावून कपाळाला लावला, काहीतरी पुटपुटले. नारळ बराच वेळ एका जागी डुलत राहिला, मग ओहोटीबरोबर निघाला.

घरी येऊन दोन करंज्या खाल्ल्या, आणि कसल्या आहेत ते विचारलं नाही.

रिये, छप्पन वर्षांत मला वाटायचं की हा माणूस मला कळला आहे. पण एवढा भोळा असेल, असं वाटलं नव्हतं. एका शब्दाने रागावला नाही. तापाने स्वभाव मऊ होतो म्हणतात, ते खरं असावं. यापुढे त्यांना फसवायचं नाही, असं ठरवलं आहे. फसवायला सोप्या माणसाला फसवण्यात काय मोठेपणा?

(हे सगळं मी जसंच्या तसं लिहिलं आहे. एकही शब्द बदललेला नाही. – किशोरी)

या शेवटच्या दोन ओळी मी बोलले नव्हते. काय आहेत म्हणून विचारलं, तर तारीख आहे म्हणते.

१० ऑगस्ट, रविवार

होड्या बाहेर पडल्या. कल्पेशने पहाटेच्या बाजारातून खरी गाबोळी आणली, घोळीची, खरोखरची. मी हौसेने तळली. आजोबांनी कवळी लावून एक तुकडी खाल्ली, थोडा वेळ विचार केला आणि ताट कल्पेशकडे सरकवलं. हिला चव नाय म्हणाले, दाणे नुसते दातांत अडकतात. उद्यापासून पहिलीच कर, आगळ थोडं कमी घाल. दोन भाकऱ्या खाल्ल्या, वर ठेचा मागून घेतला. चारुताबाईंकडे मंगळवारी जायचं आहे. या वेळी मला काट्याकडे बघायची भीती नाही.

दुपारी ते खोपटाकडे गेलेले मी खिडकीतून बघितले. बकऱ्यांकडे पाठ करून उभे होते, पण हात मागे केलेला होता आणि मैना त्या हातातून काहीतरी खात होती. बोलत मात्र नव्हते. शब्दाचे पक्के आहेत.

आता काय पाठवायचं ते ऐक, आणि या वेळी कागदावर लिहून तो कागद दुसऱ्या कागदाला टाचून ठेव. चीज-बीज काही पाठवू नकोस, तुमच्या हॉटेलचं आम्हाला आता चालायचं नाही. पाठवायचं ते आजोबांनी सांगितलं आहे: वाईला घाण्यावर शेंगदाण्याची पेंड मिळते, ती. पोतं नीट शिवून पनवेलच्या एसटीत कंडक्टरजवळ दे. मी त्यांना विचारलं, बकऱ्यांना घालायची का? तर म्हणाले, "बकऱ्यांचं नाव काडू नको माझ्यासमोर. माझ्या गाबोळीच्या माशांना घालायची हाय."

तेव्हा रिये, दोन माशांना महिनाभर पुरेल एवढी पेंड पाठव. आणि ओट्यावरचा मोठा मासा हल्ली दोन वेळचं खातो, त्या हिशोबाने थोडी जास्तच घाल.